कॅसेटपासून एसडी कार्डापर्यंत: जुन्या घरगुती संगणकांवरील खेळ आणि इतिहासाचे साधन

या टिपणात आपण एकच छोटा प्रश्न घेणार आहोत. चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक आणि त्याच काळातला खेळ समोर आहे, पण खेळ मूळ कॅसेटवरून न चढवता एसडी कार्डावरून चढवला आहे. मग आपण पाहतो तो खेळ जुनाच म्हणायचा का? वरवर हा छंदिष्टांचा वाद वाटेल. पण विसाव्या शतकाच्या अखेरची पुष्कळ साधने यापुढे तुमच्या हाती अशाच नकलांच्या रूपात येणार आहेत, आणि नक्कल करताना काय गळले हे ओळखता आले नाही तर त्या साधनावरून काढलेला निष्कर्षही फसतो.

उदाहरण म्हणून ब्रिटनमधला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊ. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणल्याचे जाहीर केले. १६ किलोबाइट मेमरीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. त्याच सुमारास बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी एकॉर्न कंपनीने बनवलेल्या बीबीसी मायक्रोचे 'मॉडेल बी' ३९९ पौंडांना मिळे. स्पेक्ट्रम इतका स्वस्त का, याची कारणे अनेक आहेत. आपल्या कामाचे कारण असे की, या यंत्रात पडदाही नव्हता आणि साठवणीचे साधनही नव्हते. घरातला टीव्ही हाच पडदा आणि घरातला कॅसेट रेकॉर्डर हीच साठवण. फ्लॉपी ड्राइव्ह तेव्हा इतका महाग असे की ब्रिटनमधल्या बहुसंख्य घरांनी संगणक ओळखला तो कॅसेटवरूनच.

कॅसेटवर नेमके काय असे

कॅसेटवर प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात असे. तीच कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावली तर कर्कश किंकाळी ऐकू येते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो.

स्पेक्ट्रमचा झेड८०ए प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांनी चाले. फितीवर 'शून्य' लिहायचा असेल तर प्रत्येकी ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद, आणि 'एक' लिहायचा असेल तर प्रत्येकी १७१० ठोक्यांचे दोन स्पंद. म्हणजे 'एक' हा 'शून्या'पेक्षा दुप्पट लांब. दोन्ही सारख्याच संख्येने येतात असे धरले तर सेकंदाला सरासरी १३६५ च्या आसपास बिट, म्हणजे साधारण १७० बाइट वाचले जातात. यावरून तुम्ही स्वतः हिशोब करू शकता. ४० किलोबाइटचा खेळ चढायला चार मिनिटे लागतात. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक सलग सूर असे. तुकडा येतो आहे हे यंत्राने त्यावरून ओळखायचे. तुकडा संपला की शेवटच्या एका बाइटवरून बेरीज जुळते का ते पाहिले जाई, आणि नाही जुळली तर पडद्यावर चूक दाखवून सगळे पहिल्यापासून. चौथ्या मिनिटाला चूक आली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करा! मग कोणी आवाज कमी-जास्त करी, कोणी छोट्या स्क्रूड्रायव्हरने रेकॉर्डरच्या हेडचा कोन बदलून पाही. ज्या रेकॉर्डरवर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्याचा कोन आणि आपल्या रेकॉर्डरचा कोन जुळला नाही, तर तीच कॅसेट एका घरात चाले आणि शेजारच्या घरात चालत नसे.

या चार मिनिटांत प्रेक्षकाला रिकामे बसवू नये म्हणून एक प्रथा पडली. स्पेक्ट्रमच्या पडद्याचे चित्र मेमरीत ६९१२ बाइट जागा घेते. त्यातले ६१४४ बाइट ठिपक्यांचे आणि ७६८ बाइट रंगांचे. खेळाच्या आधी हे चित्र चढवले की ते साधारण चाळीस सेकंदांत डोळ्यांसमोर उमटत जाते. पडद्याचे तीन पट्टे एकामागून एक भरतात, प्रत्येक पट्ट्यात ओळी सुट्यासुट्या उमटतात, आधी सगळे रंगहीन असते आणि शेवटी वरपासून खाली रंग भरले जातात. कडेला निळ्या-पिवळ्या रेघा पळत असतात. पडद्याच्या मेमरीची विचित्र मांडणी आणि फितीचा मंद वेग या दोन तांत्रिक गोष्टी मिळून एक छोटी कला जन्माला आली. या चित्रांसाठी वेगळे चित्रकार काम करू लागले. कार्डावरून तेच चित्र क्षणार्धात येते, आणि कित्येकदा मुळीच येत नाही.

प्रोग्रॅम म्हणजे आवाज, याचा आणखी एक परिणाम झाला. आवाज रेडिओवरून पाठवता येतो. १९८३ पासून बेलग्रेडच्या रेडिओवर 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात प्रोग्रॅम प्रसारित होत, आणि श्रोते ते घरी कॅसेटवर टिपून घेत. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओनेही असे प्रयोग केले. आणि जे रेडिओवरून टिपता येते ते दोन कप्प्यांच्या रेकॉर्डरवर शेजारच्या मुलाकडून उतरवूनही घेता येते. प्रकाशकांची खरी डोकेदुखी ही होती.

म्हणून खेळांबरोबर कुलपे आली. मॅथ्यू स्मिथ या तरुणाने लिहिलेल्या 'जेट सेट विली' या १९८४ च्या खेळात कॅसेटच्या वेष्टनासोबत रंगीत खुणांचा एक तक्ता असे. खेळ चढला की यंत्र एका चौकोनाचे नाव सांगे आणि त्यातले रंग विचारी. तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर रंग उतरत नसत, एवढ्या भरवशावर हे कुलूप उभे होते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप फितीतच असे. काही प्रकाशकांनी यंत्राच्या रॉममधली फीत वाचण्याची सोय बाजूला ठेवून स्वतःचीच वाचनपद्धत खेळात घातली. तिचा वेग अधिक असे, स्पंदांची लांबी वेगळी असे, आणि साध्या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला ती वाचता येत नसे. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. आधुनिक कार्ड नेमके येथेच अडखळते.

कार्ड यंत्राला कसे फसवते

स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूला विस्तारासाठी एक उघडी पट्टी आहे. तिच्यावर प्रोसेसरच्या जवळजवळ सगळ्या तारा बाहेर आलेल्या असतात. २००० नंतरच्या पहिल्या दशकात चेक छंदिष्टांनी या पट्टीला लावायचा 'डिव्हआयडीई' नावाचा इंटरफेस तयार केला. त्याला हार्ड डिस्क किंवा कॅमेऱ्यांत वापरले जाणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जोडता येई. पुढे एसडी कार्डासाठी 'डिव्हएमएमसी' आला. हे काम ब्रिटनऐवजी मध्य युरोपात व्हावे यात नवल नाही. पाश्चात्त्य यंत्रे आयात करणे अवघड असल्यामुळे चेकोस्लोव्हाकियात 'डिडॅक्टिक'सारख्या स्पेक्ट्रमच्या प्रतिकृती बनल्या, सोव्हिएत संघात तर कितीतरी, आणि ब्रिटनमध्ये लोक या यंत्राकडून दुसरीकडे वळल्यावरही तिकडे ते वापरात राहिले.

इंटरफेसची युक्ती अशी. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये फीत वाचण्याचे काम ठरावीक पत्त्यावर सुरू होते. इंटरफेस प्रोसेसरच्या पत्त्याच्या तारांवर सतत लक्ष ठेवतो. प्रोसेसर त्या पत्त्याशी पोहोचला की तो मूळ रॉमला बाजूला सारून स्वतःची मेमरी पुढे करतो, कार्डावरच्या फाइलीतून तुकडा वाचून मेमरीत ठेवतो आणि 'फीत वाचून झाली' असे भासवून मूळ रॉम परत आणतो. खेळाला काही कळतच नाही. चार मिनिटांचे काम एक-दोन सेकंदांत होते. मला स्वतःला ही युक्ती कोणत्याही खेळापेक्षा अधिक देखणी वाटते.

पण ज्या खेळाने रॉमची सोय वापरलीच नाही, तो त्या पत्त्याशी जातच नाही. तो फितीच्या खोबणीतून येणारे स्पंद थेट मोजत बसतो, आणि खोबणीत तर काहीच जोडलेले नाही. अशा खेळापुढे दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे 'टीझेडएक्सडुइनो'सारखे एक छोटे उपकरण. ते कार्डावरच्या फाइलीवरून फितीचा आवाज जसाच्या तसा निर्माण करते आणि कॅसेट रेकॉर्डरच्या जागी जोडले जाते. यात चार मिनिटे पुन्हा चारच मिनिटे होतात, रेघा पळतात, चित्र हळूहळू उमटते. दुसरी वाट स्नॅपशॉटची. खेळ एकदा चढला की त्या क्षणीची सगळी मेमरी जशीच्या तशी उचलून फाइलीत ठेवायची आणि पुढच्या वेळी तेथूनच सुरू करायचे. बहुतेक लोक ही वाट धरतात, आणि ते समजण्यासारखे आहे.

नकलांचे पाठभेद

येथे तुम्हाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण करून देतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना तेथील विद्वानांनी देशभरातली हस्तलिखिते गोळा केली आणि कोणत्या पोथीत काय आहे, काय नाही, लेखनिकाने कोठे काय घातले, हे श्लोकाश्लोकाला नोंदवले. ते काम १९६६ साली पुरे झाले. संगणकीय खेळाची तुलना महाभारताशी करणे तुम्हाला धाडसाचे वाटेल. मात्र पद्धत तीच लागते. एकाच खेळाच्या फाइली कार्डावर वेगवेगळ्या प्रकारांत असतात, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे एकेक लेखनिक समजा.

'टीझेडएक्स' प्रकारात फितीवरच्या स्पंदांची लांबी आणि मधले थांबेही नोंदवता येतात. खास वाचनपद्धत असलेला खेळही त्यात सापडतो. 'टॅप' प्रकारात फक्त तुकड्यांतली माहिती असते, वेळ नसते. 'एसएनए' हा जुना स्नॅपशॉट प्रकार ४९,१७९ बाइटचा. म्हणजे ४८ किलोबाइट मेमरी आणि वर प्रोसेसरच्या स्थितीचे २७ बाइट. यात चढवण्याचे चित्र नाही, वाचनपद्धत नाही, कुलूप नाही. कारण हे सगळे त्या क्षणाच्या आधीच होऊन गेलेले असते. शिवाय पुढची सूचना कोणत्या पत्त्यावर आहे, ही नोंद त्या २७ बाइटांत बसवलेलीच नाही. ती खेळाच्या मेमरीतच दोन बाइट जागा घेऊन लिहिली जाते, आणि तेथे आधी काही महत्त्वाचे असेल तर ते पुसले जाते. लेखनिकाने समासातली टीप मूळ ओळीवर लिहावी तसे हे झाले. स्नॅपशॉट घेणाऱ्यांनी पुष्कळदा अमर्याद जीव मिळावेत म्हणून मेमरीत स्वतः बदलही केलेले असतात.

'जेट सेट विली' या खेळाचेच पाहा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक गंभीर दोष होता. 'ॲटिक', म्हणजे माळ्याच्या खोलीत, खेळाडू गेला की मेमरीतला भलताच भाग बिघडे, दुसऱ्या काही खोल्यांत शिरताच मरण येई आणि खेळ पुरा करणे अशक्य होई. प्रकाशकाने आधी सांगितले की हे मुद्दाम केलेले आहे. नंतर दुरुस्तीसाठी मेमरीत कोणते आकडे बदलावेत हे जाहीर झाले आणि नियतकालिकांतून पसरले. आता तुमच्या कार्डावर दुरुस्त केलेली प्रत असेल आणि तिच्या जोरावर तुम्ही लिहिले की १९८४ च्या खेळाडूंना हा खेळ जमत नव्हता, तर तुमचे साधनच तुम्हाला चुकीची साक्ष देत आहे. त्यांच्या हातातला खेळ कोणालाही जमला नसता.

'एलिट'चे उदाहरण याहून बोलके आहे. केंब्रिजमधले दोन विद्यार्थी, इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन, यांनी लिहिलेला हा अवकाशव्यापाराचा खेळ सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी निघाला. या यंत्राची मेमरी ३२ किलोबाइट. २५६ ग्रहमंडळांची एक अशी आठ आकाशगंगा त्यात आहेत, आणि ती कोठेही साठवलेली नाहीत. सहा बाइटांच्या बीजावरून प्रत्येक वेळी ती हिशोबाने काढली जातात. खेळ कॅसेटवर आणि फ्लॉपीवर असा दोन रूपांत आला. कॅसेट सारखी पुढेमागे करता येत नाही, त्यामुळे त्या आवृत्तीत सगळे एकदाच मेमरीत बसले पाहिजे. फ्लॉपी आवृत्तीत मात्र जहाज तळावर असताना एक प्रोग्रॅम आणि उड्डाण करताना दुसरा प्रोग्रॅम चढवला जाई, आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर जहाजांच्या आराखड्यांचा वेगळा संच येई. परिणामी फ्लॉपीवाल्यांना अधिक प्रकारची जहाजे भेटत, विशेष मोहिमाही मिळत. कॅसेटवाल्यांना त्या नव्हत्याच. म्हणजे एकाच नावाचा खेळ घरातल्या ऐपतीप्रमाणे लहान किंवा मोठा होता. आज बीबीसी मायक्रोला एसडी कार्ड लावणारा माणूस साहजिकच फ्लॉपी आवृत्ती चालवतो, आणि त्याला वाटते की सर्वांनी हेच पाहिले.

बीबीसी मायक्रोवर कॅसेटचा खेळ फ्लॉपीवर नेणेही सरळ नव्हते. फ्लॉपीची व्यवस्था सांभाळणारा प्रोग्रॅम स्वतःसाठी मेमरीतली २८१६ बाइट जागा अडवून बसे, आणि कॅसेटसाठी लिहिलेले खेळ नेमके तेथूनच सुरू होत. मग खेळ आधी वरच्या जागी चढवून नंतर खाली सरकवावा लागे. तेव्हा मुलांनी हे स्वतः शोधून काढले होते. आज कार्डासाठी लिहिलेल्या काही प्रोग्रॅमांनी ती जागा अडवणेच टाळले आहे.

१९८५ मध्ये 'एलिट' स्पेक्ट्रमवर आला तेव्हा त्याच्यासोबत 'लेन्सलॉक' नावाची प्लास्टिकची घडीची भिंग-पट्टी होती. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे दिसत. ती पट्टी टीव्हीला लावून पाहिली की अक्षरे जुळत. काही प्रतींसोबत चुकीची पट्टी गेली आणि पैसे देऊन खेळ घेणाऱ्यांनाच तो उघडता येईना. कार्डावरच्या स्नॅपशॉटमध्ये हा सगळा त्रास नाही. आणि म्हणून तेव्हाच्या गिऱ्हाइकाची तक्रारही त्यात नाही.

तरी कार्ड नको, असे मी म्हणत नाही. चुंबकीय फीत झिजते, रेकॉर्डरचे रबरी पट्टे ढिले होतात. सिंक्लेअरने १९८३ मध्ये काढलेल्या मायक्रोड्राइव्ह या छोट्या अखंड फितीच्या साठवणीत फीत दाबून धरणारा स्पंज आज हात लावताच भुगा होतो. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर ४८ किलोबाइटचे साडेसहा लाखांच्या आसपास स्नॅपशॉट मावतात, म्हणजे स्पेक्ट्रमसाठी कधीकाळी निघालेले सगळे खेळ बसूनही जागा उरते. नक्कल केलीच पाहिजे. कोणती नक्कल, एवढे लिहून ठेवायचे.

आपल्याकडचे काय

ही गोष्ट फक्त ब्रिटनची नाही. १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवान्याने बनवलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात विकली. बीबीसी मायक्रो तर त्याआधीच आपल्या शाळांत पोहोचला होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांमधील संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तो याच यंत्रावर, आणि सुरुवात अडीचशे शाळांपासून झाली. म्हणजे तुमच्या जुन्या शाळेच्या कपाटात किंवा एखाद्या काकांच्या माळ्यावर अशी कॅसेट किंवा फ्लॉपी निघू शकते. तिच्यावर विकतचा खेळ असेल तर त्याची प्रत जगात अन्यत्र बहुधा आहे. एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात बेसिकमध्ये लिहिलेला खेळ असेल तर ती एकमेव प्रत असण्याची शक्यता मोठी.

कायद्याकडेही पाहावे लागते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश झाला. प्रोग्रॅम हे साहित्यकृतीसारखे मानले जाते आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीरपणे आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. पण ती जगाला वाटता येत नाही. बहुतेक प्रकाशक केव्हाच बंद पडले आहेत, तरी हक्क कोणाकडे तरी असतातच. ॲमस्ट्रॅड कंपनीने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेतला, आणि पुढे स्पेक्ट्रमचे रॉम इम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिली. हक्कधारकाने स्वतःहून असा दरवाजा उघडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

अशी कॅसेट सापडलीच तर आधी खेळून पाहण्याचा मोह आवरा. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी खुंटी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर ध्वनिमुद्रण होणार नाही. रेकॉर्डरचे हेड स्वच्छ करा, दुसऱ्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर यंत्र तपासून घ्या, आणि मग दोन्ही बाजू शेवटपर्यंत एकदाच वाजवून लॅपटॉपवर 'वेव्ह' फाइलीत ४४.१ किलोहर्ट्झने टिपा. एमपी३ नको. कानाला न कळणारे भाग ती पद्धत टाकून देते, आणि येथे ऐकणारा कान यंत्राचा आहे. खेळ संपल्यावरही फीत चालू ठेवा. पुढे एखादा अर्धवट प्रोग्रॅम किंवा घरातल्या कोणाचा आवाजही निघतो. ही फाइल मूळ साधन म्हणून जपा, तिच्यावरून 'टीझेडएक्स' बनवा, आणि कार्डावरची खेळण्याची प्रत सगळ्यांत शेवटी.

वेष्टनाचेही छायाचित्र घ्या, आतल्या बाजूसह. घरी भरलेल्या कॅसेटच्या कागदावर खेळांच्या नावांपुढे बहुधा तीन आकडी संख्या पेनने लिहिलेल्या सापडतात. ते गुण नसतात. रेकॉर्डरचा काउंटर कोठे थांबवला की कोणता खेळ लागतो, याच्या त्या खुणा आहेत, आणि त्या फक्त त्याच रेकॉर्डरवर जुळतात. तो रेकॉर्डर घरात अजून असेल तर त्याची कंपनी आणि मॉडेल तेवढे शेजारी लिहून ठेवा.